श्रेय वाटून मिळवलेला अधिकार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणातले दोन इशारे आजही वारंवार सांगितले जातात: राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, आणि २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समता अन् समाजात विषमता असे विसंगत जीवन जगू लागू. भाषणाचा पूर्वार्ध मात्र फारसा कोणी वाचत नाही, आणि माझ्या मते या इशाऱ्यांना बळ तिथूनच मिळते. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचे तीन आधार मानले: वक्त्याविषयीचा विश्वास, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. बाबासाहेब सुरुवात रुक्ष हिशेबाने करतात. समितीचे काम चालले २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस. मसुद्यावर आलेल्या दुरुस्त्या ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३. दिरंगाईच्या आरोपाला हे उत्तर झाले. मग ते श्रेय वाटू लागतात: समितीचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव, मसुद्याचे मुख्य लेखक एस. एन. मुखर्जी, इतकेच नव्हे तर सभागृहात सतत आडवे येणारे कामथ, के. टी. शहा, कुंझरू यांनाही. मसुदा समितीचे अध्यक्षपद मिळाल्याचे आपल्यालाच आश्चर्य वाटले, असेही सांगतात. हा निव्वळ शिष्टाचार असता तर दोन वाक्यांत आटोपला असता. पुढे विभूतिपूजेविरुद्ध बोलायचे, तर घटनेचे एकमेव कर्ते म्हणून मिरवून चालणार नव्हते; तो इशारा देण्याचा अधिकार त्यांनी श्रेय वाटून मिळवला.

भावनेचा सूर त्यानंतर लागतो, तोही भीतीचा: आपल्याच माणसांच्या फितुरीने गेलेले स्वातंत्र्य पुन्हा जाईल का? सिंधच्या दाहिर राजाचे लाचखाऊ सेनापती, घोरीला बोलावणारा जयचंद, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले मराठा सरदार आणि रजपूत राजे, १८५७ मध्ये स्वस्थ राहिलेले शीख. यातल्या जयचंदाच्या कथेला इतिहाससंशोधक भक्कम पुरावा मानत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण यादीची रचना पाहावी. दोष एका प्रांतावर किंवा एका जातीवर येत नाही, आणि महाराष्ट्रातून आलेला वक्ता मराठ्यांनाही वगळत नाही. सभागृहातल्या कोणालाही हे दुसऱ्याचे पाप म्हणून झटकता येत नव्हते.

याहून अवघड आक्षेप सत्याग्रहाचा. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह उभारणारा नेता त्याच मार्गाला अराजकाचे व्याकरण कसे म्हणतो? उत्तर भाषणातच आहे: सनदशीर मार्ग बंद असताना सत्याग्रह समर्थनीय होता, तो मार्ग खुला झाल्यावर नाही. युक्तिवाद सुसंगत आहे, पण त्याचा सारा भार ‘खुला’ या एका शब्दावर आहे. आणि समाजातली विषमता लवकर दूर झाली नाही, तर तिचे चटके सोसणारे ही राजकीय लोकशाहीच उद्ध्वस्त करतील, असे काही मिनिटांनी सांगताना त्या शब्दाची कसोटी बाबासाहेब स्वतःच लावतात.