काडतूस घरी भरायचं नाही, हिशोब मात्र घरीच मांडायचा

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. वडील शिक्षक. पोराच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याची बातमी वाचली आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत नेमबाजीचा विषय निघाला. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीसारख्या ऊस-सोयाबीनच्या गावात पहिला प्रश्न खर्चाचाच असतो. त्यावर मोबाइलवरचे अमेरिकी व्हिडिओ एक उपाय दाखवतात: रिकामी पुंगळी पुन्हा वापरा, घरच्या टेबलावर प्रेस बसवा, काडतुसं स्वतः भरा, निम्मे पैसे वाचवा.

हा रस्ता आपल्यासाठी नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, आणि कायद्याने केलेल्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागच काय, ते बनवण्याची यंत्रसामग्रीदेखील ‘दारूगोळा’च आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. शेतराखणीसाठी बारा बोअरचा परवाना असला, तरी त्यात काडतूस भरण्याची मुभा नसते. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आणि ठरलेल्या संख्येत तयार काडतुसं घेण्याचा असतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी काडतूस भरण्याच्या प्रेसचा होतकरू नेमबाजाला उपयोग नाही, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. स्वप्नील ज्या प्रकारात खेळतो त्यात पॉइंट टू-टूची रिमफायर गोळी लागते. तिची ठिणगी देणारी रसायनं पुंगळीच्या कडेतच भरलेली असतात आणि घोडा पडला की ती कड चेपते. ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी उरत नाही. १० मीटरच्या एअर रायफलला तर पुंगळीही नाही आणि दारूही नाही. दाबलेली हवा आणि साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, एवढंच. त्यामुळे पैसे वाचवायचे असतील, तर ते एअर रायफलच्या सामानाच्या निवडीत वाचवावे लागतात.

आपले लोक हिशोब रायफलपासून सुरू करतात. माझ्या मते इथंच चूक होते. स्पर्धेची आयात केलेली रायफल लाखांच्या घरात जाते. सोयाबीनचे पैसे हातात आले की ती घेण्याचा मोह होतो, पण रायफल एकदाच घ्यायची असते आणि छर्रे रोज लागतात. मुलगी रोज ८० छर्रे मारते, आठवड्यात पाच दिवस सराव करते असं धरा. आठवड्याचे ४००, वर्षाच्या ५० आठवड्यांचे २०,००० छर्रे. ५०० च्या डबीने ४० डब्या. दुकानदाराकडून डबीचा आजचा भाव घ्या आणि चाळीसने गुणा. त्यात प्रशिक्षकाची फी, स्पर्धेची प्रवेश फी, स्पर्धेसाठी पुण्याला जाण्या-येण्याचं आणि राहण्याचं भाडं मिळवा. ही बेरीज तीन वर्षं झेपणार असेल, तरच रायफलीचा विचार करा. तोवर क्लबची रायफल वापरावी. ती कुणाकुणाच्या हातातून गेली आहे याची लाज बाळगण्याचं कारण नाही.

छर्रे महागातले घेतले म्हणजे गुण वाढतात, असंही नाही. डबीवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९ किंवा ४.५० मिलिमीटर. प्रत्येक नळीला वेगळं माप रुचतं. दोन-तीन प्रकारच्या एकेक डब्या आणाव्यात, रायफल टेकवून दहा-दहा छर्रे मारावेत आणि ज्याचं छिद्र सर्वांत लहान पडेल तो घ्यावा. एअर रायफलच्या निशाणावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून हे तपासणं स्पर्धेआधी हवंच.

आता हवेचा प्रश्न. रायफलीचा हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरावा लागतो. टायरमध्ये हवा भरणारा पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जेमतेम आठ-दहा बारचा, त्यामुळे तो इथं कामाचा नाही. गावात तीन टप्प्यांचा हातपंप हाच व्यवहार्य मार्ग. दमवतो, पण चालतो. हवेतली आर्द्रता आत जाऊ नये म्हणून पंपाला कोरडी हवा देणारा फिल्टर जोडलेला असावा आणि मधेमधे पंप थंड होऊ द्यावा. एका भरणीत साधारण दोनशेहून अधिक छर्रे सुटतात, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एकदा घाम गाळायचा.

जुनी रायफल घेणाऱ्याने सर्वांत आधी सिलिंडरवरची तारीख पाहावी. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बारचा दाब सोसणारी वस्तू घरात मुलांजवळ असते, हे विसरू नये. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि वर नवा सिलिंडर घ्यावा लागला, तर स्वस्ताई तिथंच संपते.

बिनखर्चाचा सराव मात्र भरपूर आहे. स्पर्धेच्या रायफलींना छर्ऱ्याशिवाय घोडा ओढण्याची सोय असते. भिंतीवर ठिपका लावून रोज अर्धा तास फक्त उभं राहणं, श्वास धरणं, घोडा दाबणं हे मोठमोठे नेमबाजही करतात. त्याला एक रुपया लागत नाही. घरी छर्रे मारायचे असतील, तर निशाणामागे छर्रे अडवणारा पक्का लोखंडी ट्रॅप हवा, अंगणातून कुणी ये-जा करणार नाही अशी जागा हवी आणि सरावानंतर साबणाने हात धुणं हवं, कारण शिसं शरीरात साठतं. लहान भावंडांच्या हाती डबी देऊ नये.

ढोकी हे धाराशिव, बार्शी, लातूरशी रस्त्याने आणि रेल्वेने जोडलेलं आहे. त्यामुळे या पट्ट्यातल्या, मुलांना नेमबाजीची आवड असलेल्या चार-पाच घरांनी मिळून एक पंप, एक ट्रॅप आणि सरावाची एक सुरक्षित जागा केली, तर प्रत्येकाचा सुरुवातीचा भार कितीतरी कमी होईल. रायफलीआधी ही भागीदारी ठरवा, आणि पहिला फोन बंदुकीच्या दुकानाला नको, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयाला करा.