काळ्या पाषाणांतील गोगलगाय

नागपुरांत राहून सीताबर्डीची टेकडी ज्यानें पाहिली नाहीं असा मनुष्य विरळा. ती रोज डोळ्यांपुढें असते, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. एखादा इतिहासप्रेमी भेटलाच तर १८१७ च्या नोव्हेंबरांत येथें भोंसल्यांच्या फौजेची व इंग्रजांची झालेली लढाई तो सांगेल. आम्हांला सांगावयाची हकीकत त्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तींतील मुख्य पात्र एक गोगलगाय आहे.

ही टेकडी काळ्या पाषाणाची. सह्याद्रीपासून पसरत आलेल्या ज्या शिलारसाच्या थरांनीं महाराष्ट्राची बहुतेक भूमि बनली, त्यांची पूर्वेकडील कड नागपुराशीं येऊन संपते. हा रस सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिला. पूजेच्या संकल्पांत कल्प व मन्वंतर उच्चारणाऱ्या घरांना हा आंकडा भिववूं नये. ब्रह्मदेवाच्या ४३२ कोटि वर्षांच्या दिवसांतील तो अर्ध्या घटकेहूनहि थोडा काळ आहे. मात्र सारा रस एकदम आला नाहीं. एक लोट येई, थिजे, मग दीर्घ काल स्वस्थता असे. त्या अवधींत खळग्यांतून पाणी सांचे, कांठीं झाडें उगवत, पाण्यांत मासे व गोगलगाई नांदूं लागत. आणि पुढचा लोट येऊन तें सगळें गाडून टाकी. तळ्याच्या चिखलांत गारेचें द्रव्य मुरून तो चकमकीसारखा कठीण होई व आंतील शिंपा, बिया, लांकडें यांचेहि दगड होत. दोन लोटांमधील असा गाळाचा एक पातळ थर सीताबर्डीच्या टेकडींतहि आहे.

या थरांची वार्ता जगाला दिली ती दोन स्कॉटिश धर्मोपदेशकांनीं. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांच्यामागून रॉबर्ट हंटर आले. शहराच्या पश्चिमेस टाकळीच्या बाजूला १८५१ मध्यें त्यांना दगडांत गोड्या पाण्यांतील शंख आढळले, नंतर हाडें, फळें, बिया आणि किड्यांचीं पंखकवचेंहि सांपडलीं. त्यांचा निबंध १८५५ त लंडनच्या भूविज्ञान-मंडळाच्या त्रैमासिकांत छापला गेला. डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ त्यानंतर चार वर्षांनीं निघाला. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुरांत बुडून वारले. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय नागपुरांत सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे दगड मात्र फार थोड्यांना.

आतां ती गोगलगाय. तिचें शास्त्रीय नांव फायसा. तिचा शंख टोंक वर करून व तोंड आपल्याकडे वळवून धरला तर तोंड डाव्या हातास पडतें. बहुतेक गोगलगाईंचें तें उजव्या हातास असतें. देवघरांतील नेहमींचा शंखहि याच रीतीनें धरला तर उजवाच ठरतो. आणि ज्याच्यासाठीं भाविक लोक वाटेल ती किंमत देतात तो दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्रज्ञाच्या लेखीं डावा असतो. (आपण व शास्त्रज्ञ शंख उलटसुलट धरतों, इतकाच नांवांतील फरक.) म्हणजे समुद्रांतील शंखाच्या कुळांत जें वळण अत्यंत दुर्मिळ, तें टाकळीच्या तळ्यांत या गोगलगाईच्या कुळाचा नित्याचा धर्म होता.

हें कसें घडतें? याच थरांत लिम्निया नांवाची दुसरी एक गोगलगाय सांपडते, व तिचे वंशज आजहि तळ्यांतून आहेत. त्यांतील एका जातीवर विलायतेंत झालेल्या प्रयोगांचा निष्कर्ष १९२३ मध्यें प्रसिद्ध झाला. शंख उजवा कीं डावा हें पिलाच्या स्वतःच्या बीजावरून ठरत नाहीं, त्याच्या आईच्या बीजावरून ठरतें. लेंकरास आईचें वळण लागतें असें आपण म्हणतों. येथें तें अक्षरशः खरें आहे. उजव्यांच्या समूहांत एखादें डावें पिलूं निपजलें तर पुढें त्याला जोडीदार मिळणें कठीण, म्हणून त्याचें कुळ बहुधा टिकत नाहीं. परंतु एखाद्या एकाकी जागीं डाव्यांची संख्या वाढलीच, तर तेथें उजव्यांचीच अडचण होते, आणि कालांतरानें दोन्ही घरें कायमचीं विभक्त होतात. कांहीं भूचर गोगलगाईंत असेंच घडलें असल्याचें दिसून आलें आहे. वारशानें उतरणारा लहानसा भेद, कांहींचें टिकणें, कांहींचें नाहींसें होणें, आणि मधील अफाट काळ: डार्विनच्या उपपत्तीचा गाभा एवढाच.

आमच्या घरांतील वडील मंडळी येथें दशावतारांची आठवण देतात. आधीं मत्स्य, मग कूर्म, मग वराह. उत्क्रांति आमच्या पूर्वजांस ठाऊकच होती! चित्र मनोहर आहे, पण तें जिन्याचें आहे. एकामागून एक पायरी, आणि वरच्या टोंकास मनुष्य. जीवसृष्टीचा जिना नाहीं. तिच्याशीं जुळणारी वस्तु पाहावयाची असेल तर आपल्या ट्रंकेंतील वंशावळ काढावी. मूळपुरुष एक, शाखा अनेक, कांहीं शाखा निर्वंश. आणि आज हयात असलेली प्रत्येक शाखा मूळपुरुषापासून सारखीच दूर. माकड हें आपलें आजोबा नव्हे, भाऊबंद आहे. गोगलगाय तितकीच नात्याची, फक्त फार लांबच्या पिढीची.

नाहींशा झालेल्यांत डायनोसॉर प्रमुख. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोड्याजवळ पिसदुरा येथें त्यांचीं हाडें सांपडतात, आणि दगड बनलेली त्यांची विष्ठाहि. विषय सोंवळ्याचा नाहीं, तरी वाचकांनीं नाक मुरडूं नये. भारतीय व परदेशी संशोधकांनीं ती कुटून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तेव्हां तींत गवताच्या पात्यांतील गारेचे कण दिसले. हा शोध २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. गवतांचा विस्तार डायनोसॉर गेल्यावर झाला असा तोंपर्यंत समज होता. येथें तर निदान पांच प्रकारचीं गवतें त्यांच्या पोटांत निघालीं. पुढें २०११ मध्यें त्याच पुराव्यांत भाताच्या कुळांतील गवतहि ओळखलें गेलें. पानावर वाढल्या जाणाऱ्या भाताच्या आप्तांचा हा ठावठिकाणा नागपुराहून फार लांब नाहीं.

हिस्लॉप व हंटर यांनीं जेथें दगड वेंचले त्या टाकळीकडील माळांवर आतां वस्ती झाली आहे. पश्चिम नागपुरांत कोणी पाया किंवा विहीर खणीत असेल आणि काळ्या पाषाणामध्यें फिकट रंगाचा कठीण गाळाचा थर लागेल, तर तो गाडींत भरून भरावास पाठविण्यापूर्वीं घरांतील मुलांना एकदां दाखवावा. शंख निघालाच तर टोंक वर धरावें, आणि तोंड कोणत्या हातास पडतें तें पाहावें.