मुंबई बेटांवरील धावमार्ग

मुंबई बेटांवरील धावमार्ग म्हणजे मुंबई शहर व उपनगरांतील समुद्रकिनारे, खाडीकाठ, मैदाने आणि टेकड्या यांवरील असे रस्ते व पदपथ, ज्यांचा उपयोग नागरिक नियमितपणे धावण्यासाठी करतात. आजची मुंबई एकसंध भूभाग वाटत असली, तरी तिचा दक्षिण भाग मूळच्या सात बेटांचा आणि उत्तर भाग साष्टी या मोठ्या बेटाचा बनलेला आहे. शहरातील अनेक प्रसिद्ध धावमार्ग या बेटांना जोडणाऱ्या बांधांवर किंवा समुद्रात टाकलेल्या भरावावर तयार झालेले आहेत. त्यामुळे हे मार्ग शहराच्या भूगोलाचा व इतिहासाचाही परिचय करून देतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळची सात बेटे होत. इ.स. १६६१ च्या विवाह-करारान्वये पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दिली व १६६८ मध्ये ती वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. भरतीच्या वेळी बेटांमधील सखल भागात पाणी शिरत असे. त्यांतील सर्वांत मोठे खिंडार महालक्ष्मी व वरळी यांच्या दरम्यान होते. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात तेथे बांध घालण्यात आला. हॉर्नबी वेलार्ड या नावाने ओळखला जाणारा हा बांध इ.स. १७८४ च्या सुमारास पूर्ण झाला. महालक्ष्मीच्या मूर्ती समुद्रातून वर काढून त्यांची स्थापना केल्यानंतरच बांध टिकला, अशी आख्यायिका या कामाशी जोडलेली आहे.

पुढे इ.स. १८३८ मध्ये कुलाब्याचा व इ.स. १८४५ मध्ये माहीम-वांद्रे यांना जोडणारा मार्ग तयार झाला. माहीमच्या मार्गाचा खर्च लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून भागविण्यात आला. कुलाब्याहून वांद्र्यापर्यंत धावणारा माणूस आज एकदाही पाण्यात पाय न घालता एकेकाळच्या अनेक बेटांवरून जातो, तो या बांधांमुळे.

प्रमुख मार्ग

मरीन ड्राइव्ह : नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीच्या पुढे मलबार टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाणारा हा धनुष्याकृती मार्ग सुमारे ३.६ किमी लांबीचा आहे. तो बॅकबे येथील भरावावर उभारलेला असून त्याचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असे आहे. रात्रीच्या दिव्यांच्या रांगेमुळे त्याला ‘राणीचा रत्नहार’ म्हणतात. एक फेरी जाऊन-येऊन सात किलोमीटरांच्या आसपास होते. मार्ग सपाट असल्याने नवशिक्यांना तो सोयीचा आहे. मात्र पदपथाचा पृष्ठभाग कठीण असल्यामुळे मऊ तळव्याचे बूट आवश्यक ठरतात. किनाऱ्यालगतच्या आर्ट डेको शैलीतील इमारतींचा समावेश २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आहे. लाटांचा जोर कमी करण्यासाठी कठड्याबाहेर काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे (टेट्रापॉड) ठेवलेले आहेत. ते निसरडे असतात व त्यांच्यामधील फटी खोल असतात. म्हणून त्यांवर उतरणे धोक्याचे आहे.

मलबार टेकडी व पेडर रोड : दक्षिण मुंबईतील ही प्रमुख चढण होय. चौपाटीवरून टेकडीवरील फिरोजशाह मेहता उद्यानाकडे जाणारा वळणाचा रस्ता चढाचा सराव करणाऱ्यांना उपयुक्त आहे.

हाजी अली ते वरळी : हॉर्नबी वेलार्डच्या जागेवरून जाणारा आजचा लाला लजपतराय मार्ग एका बाजूस हाजी अली दर्गा व समुद्र, तर दुसऱ्या बाजूस महालक्ष्मीचे रेसकोर्स यांच्या सान्निध्यातून जातो. पुढे वरळी सी फेसचा पदपथ लागतो. त्याच्या उत्तरेस वरळी कोळीवाडा व वरळीचा किल्ला आहे. मुंबई किनारी रस्त्यालगतचा विहारपथ प्रियदर्शिनी पार्क ते वरळी असा सुमारे साडेसात किलोमीटरांचा आखलेला असून त्याचा मोठा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये नागरिकांसाठी खुला झाला. तेथे पोहोचण्यासाठी रस्त्याखालून भुयारी पादचारी मार्ग आहेत.

दादर-माहीम : दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा व पदपथ यांची एक फेरी सव्वा किलोमीटरहून थोडी कमी भरते. हे मैदान १९२५ मध्ये खुले झाले. सावली व दिवाबत्ती यांमुळे पहाटे व रात्रीही येथे धावणारे आढळतात.

वांद्रे : बँडस्टँड व कार्टर रोड हे खडकाळ किनाऱ्यालगतचे पदपथ असून कार्टर रोडच्या काठी काही ठिकाणी तिवरांची झाडी आहे. जवळच १९९० मध्ये सुरू झालेले जॉगर्स पार्क आहे.

साष्टी बेटाचा अंतर्भाग : बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौ. किमी क्षेत्रावर पसरले आहे. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा सुमारे सहा किलोमीटरांचा चढता रस्ता मुंबईतील सर्वांत शांत धावमार्गांपैकी एक मानला जातो. उद्यानात बिबट्यांचा वावर असल्याने ठरलेल्या वेळेतच प्रवेश करणे, एकट्याने आडवाटेला न जाणे व कानात संगीताची साधने न घालणे हिताचे असते.

मुंबई मॅरेथॉन

मुंबई मॅरेथॉन ही स्पर्धा प्रथम फेब्रुवारी २००४ मध्ये झाली. पुढे ती जानेवारी महिन्यातील तिसऱ्या रविवारी भरू लागली. कोरोना साथीमुळे २०२१ व २०२२ मध्ये तिचे आयोजन झाले नाही. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किमी असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होणारी ही शर्यत मार्गात वेळोवेळी बदल होत असले, तरी प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्याने वांद्र्यापर्यंत जाऊन परत येते.

वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी वाहतुकीस खुला झाला. सुमारे ५.६ किमी लांबीच्या या सेतूवर एरवी पादचाऱ्यांना प्रवेश नाही. स्पर्धेच्या दिवशी मात्र धावपटूंना त्यावरून जाता येते. परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटरहून अधिक अंतर कापल्यानंतर येणारा पेडर रोडचा चढ हा या शर्यतीतील कसोटीचा टप्पा समजला जातो. चढाची उंची फार नसते. परंतु स्नायूंमधील साठविलेली शर्करा त्या वेळी संपत आलेली असते आणि ऊनही वाढलेले असते.

या मार्गावर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील धावपटूंनी ठसा उमटविला आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिला गटात विजय मिळविला. मराठवाड्यातील परभणीच्या ज्योती गवते या २०१७ मध्ये याच गटात प्रथम आल्या.

हवामान व आरोग्य

धावताना शरीरात निर्माण होणारी उष्णता मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर पडते. लातूर-नांदेडकडील उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, परंतु हवा कोरडी असल्याने घाम लवकर सुकतो. मुंबईत तापमान त्या मानाने कमी असले, तरी हवेत आधीच बाष्प भरपूर असते. घाम सुकत नाही, तो केवळ निथळतो आणि शरीर थंड होत नाही. म्हणून पठारी प्रदेशातून आलेल्या धावपटूस नेहमीचा वेगही किनाऱ्यावर जड वाटतो. अशा हवेची सवय होण्यास साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. तोवर वेग व अंतर कमी ठेवणे योग्य असते. दीर्घ अंतर धावताना केवळ पाणी भरमसाट पिणेही घातक ठरू शकते, कारण रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. पाण्याबरोबर मीठ-साखर किंवा क्षारयुक्त पेय घेणे त्यासाठी आवश्यक असते. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची लक्षणे असून अशा वेळी धावणे तत्काळ थांबवून शरीर थंड करावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा धावण्यास सर्वांत अनुकूल काळ होय. मात्र याच काळात वारा मंदावल्याने धूळ व धूर जमिनीलगत साचून राहतात. हवेचा गुणवत्ता निर्देशांक २०० च्या वर गेल्यास ती ‘वाईट’ श्रेणीत मोडते. अशा दिवशी, विशेषतः दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, जोराचा व्यायाम टाळणे इष्ट असते. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी लाटा किनाऱ्यावरील कठडे ओलांडतात. त्यामुळे किनारी मार्गावर जाण्यापूर्वी भरतीची वेळ पाहणे आवश्यक ठरते.

सुरक्षितता व किनाऱ्याचा वापर

यांपैकी बहुतेक मार्ग वाहत्या रस्त्यांना लागून आहेत. पदपथ अरुंद किंवा खोदलेला असेल, तर धावणाऱ्यास रस्त्यावर उतरावे लागते. मार्च २०२३ मध्ये वरळी सी फेसवर सकाळी धावत असलेल्या एका महिलेचा भरधाव मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. पहाटे रस्ते मोकळे असल्याने वाहनांचा वेग वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी धावणाऱ्यांची संख्या अधिक असते, ही या मार्गांची मूलभूत अडचण आहे. वाहनांच्या समोरून येणाऱ्या बाजूने धावणे व उजळ रंगाचे कपडे वापरणे हे व्यक्तिगत उपाय उपयुक्त असले, तरी वाहनांपासून विभक्त असा सलग पदपथ हाच त्यावरील टिकाऊ उपाय मानला जातो.

किनाऱ्यावरील नवे मार्ग भरावातून निर्माण होत असल्याने त्यांच्याविषयी मतभेदही आहेत. किनारी रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भराव टाकण्यात आला. त्यामुळे धावण्या-फिरण्यास मोकळी जागा उपलब्ध झाली. परंतु त्याच किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या वरळी कोळीवाड्यातील कोळी बांधवांनी आपल्या होड्यांच्या वाटा अडतील, म्हणून आक्षेप घेतला. त्यांच्या आंदोलनानंतर पुलाच्या खांबांमधील अंतर ६० मीटरांवरून १२० मीटरांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. ज्या समुद्राकडे धावणारा सकाळी तासभर पाहतो, तो किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या उपजीविकेचे साधन आहे. म्हणून किनाऱ्याच्या नियोजनात दोघांचाही विचार होणे आवश्यक ठरते.