पाऊस ओळखणारं छत

टेंभुर्णीच्या परिसरात, माढा-करमाळ्याकडच्या गावांत जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं अजून दिसतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी भर दुपारी आतली भुई पायाला गार लागते. दीड-दोन हात जाड मातीची भिंत ऊन सावकाश मुरवते. ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि छतातलं साणं, म्हणजे झरोका, उघडं असलं की गरम हवा वर निघून जाते.

खरं शहाणपण छतात आहे. तुळया, फळ्या, कडुलिंबाचा पाला आणि वर खारी माती. या मातीत सोडियम जास्त असतं. पाऊस पडला की तिचे चिकण कण फुगतात, सुटे होतात आणि बारीक भेगा बुजवतात. पाणी स्वतःच आपली वाट बंद करतं!

हवामानाला असा प्रतिसाद आधुनिक इमारतीही देतात. अबुधाबीच्या अल बहार मनोऱ्यांवर २०१२ पासून संगणकावर चालणाऱ्या छत्र्या सूर्य फिरेल तशा उघडतात, मिटतात. अशा इमारतींना हल्ली ‘सजीव’ म्हणतात. भावना ना तिथे आहेत, ना माळवदात. प्रतिसाद मात्र दोन्हीकडे आहे. माळवदाला त्यासाठी माणूस लागतो. मृगाआधी नवी माती पसरणारा कुणी नसेल, तर घर काही वर्षांत गळू लागतं.

याउलट आजच्या घरांचा चार-पाच इंची सिमेंटचा स्लॅब संध्याकाळीच तापलेला असतो, मग पंखा रात्रभर गरम वारा फेकतो. नवं घर बांधताना निदान पश्चिमेची एक भिंत जाड मातीची ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.