विश्लेषण : ‘स्क्रीन टाइम’ फक्त मुलांचाच का मोजायचा?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो. तो वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. दीड तासाने, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचन किंवा गप्पा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगाची चर्चा देशभर झाली. मुलांच्या हातातला मोबाइल सुटत नाही म्हणून हैराण झालेल्या शहरी पालकांनाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

वडगावने नेमके काय ठरवले?

करोनाकाळात शाळा ऑनलाइन झाल्या आणि ज्या घरात मुलांना मोबाइल मिळत नसे, तिथेही तो द्यावा लागला. शाळा पुन्हा भरू लागल्या, मोबाइल मात्र परत गेला नाही. मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, ही तक्रार वाढली. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महिलांच्या ग्रामसभेत हा विषय आला आणि भोंग्याचा निर्णय झाला. सुरुवातीला लक्ष ठेवण्यासाठी प्रभागवार समित्याही नेमण्यात आल्या. महत्त्वाचे हे की, नियम फक्त विद्यार्थ्यांना लावला नाही. मालिकेच्या वेळेला आईचा टीव्ही बंद आणि बातम्यांच्या वेळेला वडिलांचा मोबाइलही बंद.

मुलांसाठी किती वेळ योग्य?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार एक वर्षापर्यंतच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात जास्तीत जास्त एक तास. तोही जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना ‘इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ही दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नको, असेच सांगते. अपवाद फक्त आजी-आजोबांसारख्या नातेवाइकांशी होणाऱ्या व्हिडीओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांसाठी एक तास आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांहून कमी, अशी मर्यादा आहे. दहा वर्षांपुढे मात्र तास मोजण्यापेक्षा झोप, मैदानी खेळ, अभ्यास, जेवण, मित्र आणि कुटुंब यांना पुरेसा वेळ मिळतो का, हे पाहायचे. यातले काही कमी पडत असेल, तर स्क्रीनचा वेळ कमी करायचा.

डोळ्यांवर काय परिणाम होतो?

आपण एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या लववतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. त्यामुळे डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, डोके दुखणे या तक्रारी सुरू होतात. त्यावर नेत्रतज्ज्ञ ‘२०-२०-२०’चा नियम सांगतात : दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहायचे.

मुलांच्या बाबतीत अधिक काळजी लघुदृष्टीची, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याची असते. फार जवळून दीर्घकाळ पाहणे हे त्याचे एक कारण, तर उन्हात न जाणे हे दुसरे. मोकळ्या हवेतील भरपूर प्रकाशाने दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि बुबुळापासून दृष्टिपटलापर्यंत नेत्रगोलाची लांबी अवाजवी वाढण्यास आळा बसतो, असे मानले जाते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना दररोज १२० मिनिटे घराबाहेर ठेवण्याची मोहीम राबवली. त्यानंतरच्या वर्षांत, सतत वाढत असलेले अधू दृष्टीच्या मुलांचे प्रमाण घटू लागले. म्हणजे नुसता मोबाइल काढून घेऊन मूल घरातच बसून राहिले, तर डोळ्यांचा फायदा अर्धाच.

आणि झोपेवर?

अंधार पडल्यावर शरीरात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वाढू लागते. स्क्रीनच्या निळसर प्रकाशाने ते दबते आणि मुलांमध्ये हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त दिसतो. पण दोष फक्त प्रकाशाचा नाही. गेम किंवा एकामागून एक येणारे छोटे व्हिडीओ मेंदूला शांत होऊ देत नाहीत. ‘हा एक शेवटचा’ म्हणता म्हणता निजायची वेळ टळून जाते. सकाळची शाळा मात्र टळत नाही. मग चिडचिड, वर्गात पेंग आणि अभ्यासात मागे पडणे ओघाने येते.

कायद्याने प्रश्न सुटेल?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. अशा कायद्याने कंपन्यांवर जबाबदारी येते, हे खरे. पण जेवताना बाळासमोर मोबाइल धरणारा हात कंपनीचा नसतो. घास भरवण्याची ती सोपी युक्ती असली, तरी पोट भरल्याचे मुलाला कळत नाही आणि पुढे मोबाइलशिवाय घास उतरेनासा होतो.

मग घरात सुरुवात कुठून करावी?

मुले ऐकून कमी आणि पाहून जास्त शिकतात. बाबा ताटावर बसून मेसेज पाहत असतील, तर ‘मोबाइल ठेव’ या सांगण्याला वजन उरत नाही. म्हणून पहिला नियम सगळ्यांसाठी हवा. जेवणाच्या वेळी कोणाचाही मोबाइल जवळ नको. रात्री सर्व मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. गजराला साधे घड्याळ पुरते. निजण्याआधी तासभर स्क्रीन बंद. कार्यालयाचा अत्यावश्यक फोन आला तर तो घ्यावा, पण तसे मुलांना सांगून. काढून घेतलेल्या वेळाच्या जागी काय, हेही आधीच ठरवावे : कॅरम, पत्ते, गोष्ट, सोसायटीच्या आवारात फेरी.

पहिले काही दिवस रडारड होईल. मोठ्यांचाही हात सवयीने खिशाकडे जाईल. एकदम सगळे बंद करण्यापेक्षा वडगावसारखा दीडच तास निवडावा आणि तो नेटाने पाळावा. तिथे भोंगा गावासाठी वाजतो, एकट्या मुलासाठी नाही. घरातला भोंगाही सगळ्यांसाठी असेल, तरच तो ऐकला जाईल.