जुनी आठनळी पिपेट पारखून घेताना

रायपुरात १९६४ साली रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. पुढे एम्सही आले, आणि २०२० च्या साथीत तेथे कोविडच्या तपासण्या झाल्या. अशा शहरातील एखाद्या लहान महाविद्यालयास वा रक्ततपासणी केंद्रास नवी आठनळी पिपेट परवडत नाही. मग वापरलेली घेण्याचा विचार मनात येतो. त्यात गैर काहीच नाही. मात्र पारख हवी.

पूर्वी काचेच्या पिपेटमध्ये द्रव तोंडाने ओढीत. त्या धोकादायक प्रकाराला कंटाळून मारबुर्गच्या हाइनरिख श्निटगर यांनी १९५७ च्या सुमारास दट्ट्या व स्प्रिंग यांची पिपेट बनविली. असे आठ दट्टे एका मुठीत बसविले म्हणजे आठनळी पिपेट झाली. ९६ खळग्यांच्या तबकडीत आठ आडव्या ओळी व बारा उभे स्तंभ असतात. एका दाबासरशी एक स्तंभ भरतो. यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, आठवी नळी गळकी असेल तर आठव्या ओळीतील बाराही खळग्यांत द्रव कमी पडणार. त्या खळग्यांत कोणा रुग्णांचे रक्त असेल, तर दुखणे असूनही ते नाही असा निर्वाळा मिळू शकतो.

विक्रेता पुष्कळदा आठही नळ्यांचे पाणी एकत्र तोलून दाखवितो. येथेच फसगत होते. सात नळ्यांनी १०० मायक्रोलिटर दिले व एकीने ९२, तरी सरासरी ९९ येते! म्हणून प्रत्येक नळी निराळी तोलावी, तीही दहा वेळा. २७ अंश सेल्सियसला १०० मायक्रोलिटर शुद्ध पाण्याचे वजन हवेत सुमारे ९९.५ मिलिग्रॅम भरते. तराजू मिलिग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा असावा. रायपूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पाणी, पिपेट व तराजू दोन तास एकाच खोलीत ठेवून मगच तोलण्यास बसावे.

तराजू हाताशी नसल्यास पिपेट भरून वीस सेकंद उभी धरावी. एखाद्या टोकाशी थेंब लोंबला, तर आतील रबरी कडे झिजले असे समजावे. कडे बदलता येते. आम्लाच्या वाफेने खडबडीत झालेला दट्ट्या मात्र खर्चात पाडतो. उपकरण निर्जंतुक केल्याचा लेखी दाखला मागावा, आणि आपल्याकडील टोप्या सोबत न्याव्यात, कारण प्रत्येक कंपनीच्या नळीस कोणतीही टोपी घट्ट बसतेच असे नाही.