सेंटरिंग कधी काढायचं?

“आजकालची मुलं फार परावलंबी झाली आहेत!” हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! घरी काका-मामा म्हणतात, कॉलेजात सर म्हणतात, एखाद्या दिवशी मेसवाले मामासुद्धा सुनावतात. आपल्याला लगेच राग येतो. पण मित्रमैत्रिणींनो, जरा आपल्याच हॉस्टेलकडे बघा ना. बँकेत केवायसीचा फॉर्म भरायचा, लाव बाबांना फोन. ताप आला, डॉक्टरकडे जायचं की नाही हे आई ठरवणार. सबमिशनची तारीख पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्याआधी पोचलेली असते. आणि सगळ्यात मोठा प्रश्न : कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म आपल्यापैकी किती जणांनी स्वतः भरला?

१९८९ मध्ये ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. म्हणजे देशाचा खासदार आपण निवडायचा आणि आपली ब्रँच मात्र बाबांनी! गंमत वाटते, पण आहे खरं.

तळहाताच्या फोडासारखं जपणं हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे. इंग्रजीत अशा पालकांना ‘हेलिकॉप्टर पालक’ म्हणतात. १९६९ मध्ये हाइम गिनॉट या मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात एक मुलगा आईबद्दल तक्रार करतो, की ती हेलिकॉप्टरसारखी सतत माझ्या डोक्यावर घिरट्या घालते. पुढे तोच शब्द रूढ झाला.

पण सगळा दोष आईवडिलांना देऊन मोकळं होणं बरोबर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये ती १.७ वर आली. आपल्या आजीला पाच-सहा पोरं, शेत आणि गुरं असा पसारा होता. कोणी गृहपाठ केला हे बघायला तिला वेळच नव्हता. आता सगळं लक्ष, सगळी काळजी एका-दोघांवर. त्यात मराठवाड्यातलं हवामान : कपाशीच्या किंवा कर्जाच्या पैशातून फी भरलेली असते. एक वर्ष वाया गेलं तर परवडणार नाही, म्हणून बाप दर आठवड्याला अटेंडन्स विचारतो. ही भीती खोटी नाही.

मग याचा परिणाम होतो का? अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९७ कॉलेज विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले होते. ज्यांच्या आईवडिलांचं नियंत्रण जास्त, त्यांच्यात निराशा जास्त आणि आयुष्याबद्दलचं समाधान कमी आढळलं. अर्थात यातून कारण सिद्ध होत नाही. मूल आधीच खचलेलं असेल तर पालक जास्त लक्ष घालतात, असंही असू शकतं. पण एक मुद्दा पटतो : ‘हे मला जमतं’ हा विश्वास स्वतः केल्याशिवाय येत नाही.

सिव्हिलवाल्यांना हे पटकन कळेल. स्लॅब टाकला की खाली सेंटरिंग आणि टेकू असतात. ते कधी काढायचे हे आयएस ४५६ : २००० मध्ये दिलंय. साध्या सिमेंटसाठी, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांनी, सहा मीटरपेक्षा मोठ्या बीमचे २१ दिवसांनी. लवकर काढले तर स्लॅब खाली येणार. पण कधी काढलेच नाहीत तर? स्लॅबने स्वतःचा भार कधी पेललाच नाही. तो पक्का झाला की नाही हे कोणालाच कळणार नाही, स्लॅबलासुद्धा नाही! स्पॅन मोठा तर दिवस जास्त, तसंच प्रत्येक मुलाचं वेगळं. पण कोडमध्ये कुठल्याही स्पॅनपुढे ‘कायमचं’ असं लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. टेकू वेगळा आणि पाणी मारणं वेगळं. क्युरिंगचं पाणी म्हणजे माया. ती हवीच, तिच्यानेच ताकद येते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे बरोबर ओळखलं होतं. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. तिथली मुलं स्वयंपाक करायची, शेतात राबायची आणि शिकायची. ‘कमवा आणि शिका’! माया कमी होती का? मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पण मुलांची कामं मुलांनीच केली.

आपल्या शहरात १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी मुलांच्या घरी कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. गावाकडून एसटीने भाकरीचा डबा यायचा, सल्ला मात्र यायचा नाही. म्हणून ती पिढी कणखर, असं आपण म्हणतो. पण टेकूच न मिळाल्यामुळे जे मध्येच शिक्षण सोडून गेले, त्यांची नावं कुठल्या मासिकात छापून येत नाहीत. त्यामुळे “आमच्या वेळी असं नव्हतं” हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे.

आम्हा मुलींचं तर वेगळंच गणित. मुलाचे टेकू अठराव्या वर्षी थोडे तरी सैल होतात. मुलीला औरंगपुऱ्यात पुस्तक आणायला जायचं तरी “कोणाबरोबर? किती वाजता येणार?” रस्त्यावरची भीती खरी आहे, मान्य. पण बावीसाव्या वर्षी हीच मुलगी पुण्याला नोकरीसाठी जाते आणि सगळे टेकू एका दिवसात निघतात. रात्री रिक्षा कशी ठरवायची, भाडेकराराचा कागद कसा वाचायचा, “नाही” कसं म्हणायचं हे ती तेव्हा पहिल्यांदा शिकणार. यात सुरक्षितता कुठे आली?

म्हणून टेकू एकेक करून काढावेत, आणि सुरुवात आपण करावी. आपलं रिझर्वेशन आपण करू या. महिन्याचा हिशेब स्वतः ठेवू या. केटी लागली तर घरी दुसऱ्याकडून कळायच्या आत आपणच सांगू या. इलेक्टिव्ह कोणता घ्यायचा ते ठरवून मग बाबांना फोन करू या. सल्ला जरूर घ्यावा, पण सही आपली असावी. आणि आई-बाबांनो, हे मासिक सुट्टीत घरी येईल तेव्हा तुम्हीही वाचाल, म्हणून सांगते : पाणी मारणं थांबवू नका. फक्त एखादा टेकू काढून बघा. स्लॅब थोडा वाकेल, पण पडणार नाही.